घंटा वाजली, पण कोठून?

कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट स्थानकावर उतरलेल्या दोन प्रवाशांना ‘कोठून आलात?’ असे विचारले आणि दोघांनीही ‘एस्प्लनेडहून’ असे उत्तर दिले, तर दोघेही खरेच बोललेले असतील. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी धावली ती याच एस्प्लनेडपासून भवानीपूरपर्यंत, म्हणजे आजच्या नेताजी भवन स्थानकापर्यंत, ३.४ किलोमीटर. त्यानंतर चाळीस वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, हुगळीच्या तळाखालून हावडा मैदानाहून येणारा मार्ग एस्प्लनेडला येऊन मिळाला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सियालदहकडील तुकडाही जोडला गेला. तेव्हापासून हावड्याचा प्रवासी आणि सियालदहचा प्रवासी, दोघेही पार्क स्ट्रीटला जाण्यासाठी एस्प्लनेडलाच गाडी बदलतात. शेवटची गाडी दोघांनी तेथेच पकडलेली असते. म्हणून उत्तर खरे असते. मूळ ठिकाण मात्र त्यात हरवलेले असते.

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या प्रत्येक मोठ्या प्रोग्राममध्ये असे एक एस्प्लनेड केव्हा ना केव्हा बांधले जाते. आरंभी प्रोग्राम लिहिणारा ‘कन्सोल डॉट लॉग’ ही साधी आज्ञा हवी तेथे लिहितो. ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत संदेश उमटतो आणि त्याच ओळीच्या उजव्या टोकाला बारीक अक्षरांत फाइलचे नाव व ओळीचा क्रमांक दिसतो. त्यावर टिचकी मारली की नेमकी ती ओळ उघडते. ही सोय इतकी अंगवळणी पडलेली असते की ती सोय आहे हेच कोणाच्या ध्यानात राहत नाही. पुढे काम वाढते. प्रत्येक संदेशापुढे वेळ हवी, तीव्रता हवी, काही संदेश सर्व्हरकडे जायला हवेत, काही प्रत्यक्ष वापराच्या वेळी बंद व्हायला हवेत, अशा मागण्या येऊ लागतात. मग कोणी तरी शहाणपणाने एक स्वतंत्र ‘लॉगर’ लिहितो आणि साऱ्या फाइलींतील कन्सोलच्या आज्ञा काढून त्यांच्या जागी त्या लॉगरला हाक मारतो. निर्णय योग्यच असतो. परंतु दुसऱ्या दिवशी तपासणी-खिडकी उघडली की प्रत्येक संदेशाच्या उजव्या टोकाला एकच पत्ता दिसतो : लॉगर.जेएस, ओळ १२. पुढची ओळ, तिच्या पुढची ओळ, सगळ्या लॉगर.जेएस, ओळ १२. ब्राउझर खोटे सांगत नाही; कन्सोलला शेवटची हाक खरोखरच त्या ओळीने मारलेली असते. व्यवस्था आली आणि पत्ता गेला.

‘लॉग’ हा शब्द मुळात जहाजावरचा आहे, हे येथे आठवावेसे वाटते. वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडीत आणि वाळूचे घड्याळ रिकामे होईतो दोरीवरच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. तो ओंडका म्हणजे लॉग आणि ते आकडे ज्या वहीत लिहीत ती लॉग-बुक. किनारा दिसेनासा झाल्यावर वेग, दिशा आणि वेळ यांच्या नोंदींवरूनच जहाज आज कोठे आहे हे ठरत असे. म्हणजे नोंदवहीचे पहिले काम ‘काय घडले’ हे सांगण्याचे नव्हते. ‘कोठे आहोत’ हे सांगण्याचे होते. संगणकाने तो शब्द उचलला, पण त्यातले स्थळ पुष्कळदा किनाऱ्यावरच ठेवले.

जावास्क्रिप्टमध्ये हा हरवलेला पत्ता परत मिळविण्याचे जे उपाय आहेत, त्यांतून त्या भाषेचा स्वभाव चांगला कळतो. सर्वांत साधा उपाय ‘बाइंड’चा. लॉगर हे स्वतंत्र फंक्शन न ठेवता कन्सोलच्याच फंक्शनला आपली ठरावीक खूण आधीच बांधून ते नव्या नावाने द्यावयाचे. मध्ये आपले असे कोणतेही फंक्शन उरत नाही, म्हणून हाक थेट मूळ ओळीतून कन्सोलकडे जाते आणि उजव्या टोकाला खरा पत्ता दिसतो. येथे गंमत अशी, की बांधताना जी वेळ घातली असेल ती कायमची गोठते. सकाळी नऊला पान उघडले तर सायंकाळचा संदेशही नऊचाच शिक्का घेऊन येतो. त्यावरही तोड आहे : लॉगरचा गुणधर्म ‘गेटर’ म्हणून लिहावा, म्हणजे प्रत्येक वेळी नाव उच्चारताच ताज्या वेळेसह नव्याने बांधलेले फंक्शन हाती येते आणि त्याला हाक मात्र मूळ ओळच मारते. युक्ती सुरेख आहे, पण ती केवळ ब्राउझरच्या खिडकीपुरती. संदेश फाइलीत किंवा दूरच्या सर्व्हरवर पाठवावयाचा असेल, तर उजव्या टोकाची ती बारीक अक्षरे बरोबर जात नाहीत. ती खिडकीची आहेत, संदेशाची नव्हेत.

पत्ता संदेशाच्या अंगातच लिहावयाचा असेल तर उतरंड उघडावी लागते. एका फंक्शनने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला हाक मारली की संगणक त्या हाका एकावर एक रचून ठेवतो. स्वयंपाकघरात मडक्यांवर मडकी रचावीत तशा. इंग्रजीतला ‘स्टॅक’ तो हाच. जावास्क्रिप्टमध्ये एक नवा ‘एरर’ निर्माण केला की त्या क्षणीची उतरंड मजकुराच्या रूपात त्याच्या ‘स्टॅक’ या गुणधर्मात मिळते. चूक कोठेही घडलेली नसते. केवळ ‘मी आत्ता कोठे उभा आहे’ हे विचारण्यासाठी चुकीचे सोंग आणावयाचे. उतरंडीतले वरचे मडके लॉगरचे स्वतःचे, त्याखालचे हाक मारणाऱ्याचे. ते उचलले की फाइल, ओळ आणि स्तंभ हाती येतात.

‘वरून दुसरे’ हा हिशेब मात्र फार नाजूक असतो. पुढे कोणी लॉगरभोवती आणखी एक लहानसे फंक्शन गुंडाळले, की दुसरे मडके तिसरे होते आणि साऱ्या नोंदी पुन्हा एकाच, तेही चुकीच्या, पत्त्यावर जमा होतात. रिकाम्या पत्त्यापेक्षा चुकीचा पत्ता वाईट. रिकामा पत्ता पाहून माणूस शोध घेतो, चुकीचा पाहून तो निःशंकपणे भलत्याच फाइलीत रात्र घालवितो. म्हणून क्रोम आणि नोड यांच्या मुळाशी असलेल्या व्ही८ या इंजिनातील ‘एरर.कॅप्चर-स्टॅक-ट्रेस’ ही सोय अधिक भरवशाची ठरते. तिला ‘या फंक्शनपर्यंतची सर्व मडकी उतरवून ठेव आणि उरलेली दाखव’ असे नावानिशी सांगता येते, क्रमांक मोजावा लागत नाही. नावावर विसंबणे क्रमांकावर विसंबण्यापेक्षा बरे, हे तत्त्व गावातल्या टपालवाल्यालाही ठाऊक असते.

अडचणी एवढ्यावर संपत नाहीत. उतरंडीचा मजकूर कसा दिसावा हे भाषेच्या प्रमाणग्रंथाने ठरवून दिलेले नाही. व्ही८ एका पद्धतीने लिहिते, फायरफॉक्स दुसऱ्या, ‘@’ चिन्ह घातलेल्या पद्धतीने. दोन्हींसाठी वाचन वेगळे लिहावे लागते. ‘मला कोणी हाक मारली’ हे फंक्शनलाच विचारण्याची जुनी वाट २००९ च्या पाचव्या आवृत्तीतील कठोर रीतीने बंद केली. ते योग्यही होते, कारण ज्याला बोलावले त्याने बोलावणाऱ्याच्या घरात डोकावणे सुरक्षिततेला धरून नव्हते. वाट पाहून पुढे जाणाऱ्या, म्हणजे ‘अवेट’ वापरणाऱ्या फंक्शनांत उतरंड मध्येच तुटत असे. व्ही८ ने गेल्या दशकाच्या अखेरीस तिचे तुटलेले तुकडे जोडण्याची सोय केली. टायमरमधून उठलेल्या हाकेला मात्र आजही बहुधा स्वतःचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो.

शिवाय प्रत्यक्ष वापरासाठी साऱ्या फाइली एकत्र करून, नावे आखूड करून, सर्व मजकूर जवळजवळ एकाच ओळीत कोंबला जातो. मग पत्ता मिळतो तो असा : ओळ १, स्तंभ ४८,२१३. तो अक्षरशः खरा आणि व्यवहारात निरुपयोगी. त्याचा अर्थ लावण्यासाठी ‘सोर्स मॅप’ हा नकाशा लागतो आणि तोही नेमका त्याच आवृत्तीचा. मागच्या आठवड्याच्या आवृत्तीची नोंद या आठवड्याच्या नकाशावर वाचली, तर बोट भलत्याच फंक्शनवर पडते. नोंदीबरोबर आवृत्तीचा क्रमांक न लिहिणारे लोक हा अनुभव घेतल्याशिवाय सहसा सुधारत नाहीत.

आणि एस्प्लनेड हे नाव तरी एकच कोठे आहे? किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे राखलेले मैदान, एवढाच त्याचा अर्थ. कोलकात्यात ते आहे, मुंबईत एस्प्लनेड कोर्टाच्या रूपाने ते टिकून आहे, चेन्नईतही आहे. खुद्द कोलकात्यातला टॅक्सीवाला त्याच भागाला धर्मतला म्हणतो. जावास्क्रिप्टच्या जगात हे भाग्य ‘इंडेक्स.जेएस’ या फाइलीला लाभले आहे. जवळजवळ प्रत्येक फोल्डरमध्ये त्या नावाची एक फाइल असते. पत्त्यात निव्वळ फाइलीचे नाव लिहून ‘इंडेक्स.जेएस, ओळ ४०’ असे छापणारा लॉगर शहराचे नाव न घालता एस्प्लनेडला पत्र टाकणाऱ्यासारखाच. निदान मागचे एक-दोन फोल्डर तरी लिहावेत. संपूर्ण मार्ग मात्र लिहू नये. त्यात पुष्कळदा काम करणाऱ्याच्या संगणकावरील खात्याचे नाव असते आणि नोंदी कोणाकोणाच्या हाती जातील ते कोणाला ठाऊक?

हा सारा खटाटोप केवळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या सोयीचा आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. तो तसा नाही, हे पाहण्यासाठी एस्प्लनेड पश्चिम या रस्त्यावरील १८१३ सालच्या टाउन हॉलकडे वळावे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी विद्युतचुंबकीय लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली आणि दारू पेटविली. जगाच्या विज्ञानेतिहासात त्या प्रयोगाला मानाचे स्थान आहे. पण त्या घंटेचे एक वैशिष्ट्य क्वचितच सांगितले जाते : लहर आली एवढेच ती सांगू शकत होती, कोठून आली हे नाही. लहरी सोडणारे यंत्र कोठे ठेवले आहे हे प्रेक्षकांना आधीच ठाऊक होते, म्हणून काही बिघडले नाही. पुढे माणसाने तीच विद्या आकाशाकडे वळविली तेव्हा यंत्र कोणी, कोठे ठेवले आहे हे सांगणारा कोणी उरला नाही. आकाशातून आलेली लहर कोठली, हे शोधणे हेच शास्त्र झाले. नारायणगावजवळ खोडद येथील जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरून उभ्या आहेत त्या याचसाठी. एकच लहर निरनिराळ्या तबकड्यांवर किंचित आगेमागे पोचते आणि त्या फरकातून तिची दिशा निघते.

दिशा चुकली तर काय होते, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील पार्क्सच्या ६४ मीटर दुर्बिणीने दिले. २००१ साली तेथे नोंदविलेला, पाच मिलिसेकंदांहूनही कमी वेळ टिकलेला एक स्फोट २००७ साली जुन्या नोंदींत सापडला आणि जलद रेडिओ स्फोटांचे नवे क्षेत्र उघडले. काही वर्षांतच त्याच दुर्बिणीत त्याच्यासारखे दिसणारे, पण स्पष्टपणे पृथ्वीवरचे असे संकेत आढळले. त्यांना ‘पेरिटॉन’ नाव पडले. ते दिवसा, लोकांच्या कामाच्या वेळी येत. मग मूळ स्फोटही तसलाच तर नव्हे? एक अख्खे शास्त्र संशयाच्या छायेत आले. उलगडा झाला २०१५ साली. वेधशाळेत परिसरातील लहरींची स्वतंत्र नोंद ठेवणारे उपकरण नुकतेच बसविले होते. पेरिटॉनच्याच क्षणी २.४ गिगाहर्ट्‌झवरही काही उमटले आहे, असे त्या नोंदीत दिसले. मायक्रोवेव्ह ओव्हन वेळ संपण्यापूर्वीच कोणी उघडला की दुर्बीण योग्य दिशेला असल्यास पेरिटॉन जन्माला येई. २००१ चा स्फोट या परीक्षेतून सुटला. तो आकाशातलाच ठरला. चहा-नाश्त्याच्या घाईतून विश्वाचा एक पुरावा डागाळला होता आणि तो धुऊन निघाला तो दुसऱ्या एका नोंदीने कोठले काय ते सांगितले म्हणून.

असे स्फोट बहुतेक वेळा पुन्हा होताना दिसलेले नाहीत. प्रयोगशाळेतला प्रयोग परत करता येतो. आकाशातला क्षण नाही. त्या क्षणी यंत्र नीट चालत होते की त्याच्या एखाद्या भागाने इशारा दिला होता, दिला असल्यास कोणत्या भागाने, याची साक्ष देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे लॉग. आणि येथे पुण्याचा संबंध येतो. दक्षिण आफ्रिका व पश्चिम ऑस्ट्रेलिया येथे उभारल्या जात असलेल्या स्क्वेअर किलोमीटर ॲरे अर्थात एसकेए या दुर्बिणीत भारत भागीदार आहे. तिच्या ‘टेलिस्कोप मॅनेजर’ची, म्हणजे सर्व यंत्रणेला आज्ञा देणाऱ्या व तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची आखणी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या एनसीआरए या संस्थेकडे होते. भारताच्या सहभागासाठी १,२५० कोटी रुपये मंजूर झाले तेव्हा बातम्यांत अँटेनांची छायाचित्रे झळकली. सॉफ्टवेअरचे छायाचित्र निघत नाही, त्याला कोण काय करणार?

त्या प्रकल्पाने आपल्या साऱ्या सॉफ्टवेअरसाठी लॉगच्या ओळीचा एक सांगाडा ठरविला आहे. उभ्या रेघांनी वेगळे केलेले रकाने असे : आवृत्ती, जागतिक वेळ, तीव्रता, थ्रेड, फंक्शन, फाइल व ओळ, खुणा आणि अखेरीस संदेश. हाक मारणाऱ्या फंक्शनला एक स्वतंत्र रकाना, फाइल व ओळीला दुसरा, आणि कोणत्या उपकरणाची नोंद हे खुणांत. माणसाने लिहावयाचा मजकूर सर्वांत शेवटी. हा क्रम विचारपूर्वक ठेवलेला दिसतो. पत्ता संदेशाच्या वाक्यात मिसळला, तर तो यंत्राला शोधता येत नाही. स्वतंत्र रकान्यात ठेवला, तर ‘या ओळीतून काल रात्री किती इशारे आले’ हा प्रश्न क्षणात सुटतो.

कल्पना करावी : पहाटे तीन वाजता नियंत्रणकक्षात एक जण बसला आहे आणि पडद्यावर ‘संपर्क तुटला’ ही ओळ शेकड्यांनी सरकते आहे. तबकडीशी संपर्क तुटला, की माहिती साठविणाऱ्या यंत्राशी, की निव्वळ त्या पडद्याचा सर्व्हरशी? पहिल्या बाबतीत निरीक्षण थांबवावे लागेल, तिसऱ्या बाबतीत पान ताजे केले की पुरेल. शब्द तिन्हींत तेच. फरक केवळ पत्त्यात. अशा यंत्रणांचा गाभा पुष्कळदा पायथनमध्ये असतो, पण माणूस पाहतो ते पडदे आजकाल ब्राउझरमधले, म्हणजे जावास्क्रिप्टचे असतात. एसकेएच्या ‘टॅरँटा’ या साधनाचे पडदे तसेच आहेत. पायथनच्या लॉगिंगमध्ये २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून ‘उतरंडीत किती पायऱ्या खालचा पत्ता लिहू’ हे सांगण्याची सोय आहे. सी-शार्पमध्ये २०१२ पासून आणि रस्टमध्ये २०२० पासून तर हाक मारणाऱ्याचा पत्ता भाषांतरकच पुरवितो. जावास्क्रिप्टने भाषा म्हणून असे काही दिलेले नाही. म्हणजे नेमक्या त्या जागी, जिथे माणसाचा डोळा आहे, पत्ता सर्वांत दुबळा.

त्यातल्या त्यात सर्वांत समंजस वाट बांधणीच्या वेळची. प्रोग्रामचे रूपांतर करणाऱ्या साधनाला, उदाहरणार्थ बेबलला, लहानसे जोडकाम देऊन लॉगरच्या प्रत्येक हाकेत फाइलीचे नाव व ओळ क्रमांक आधीच लिहवून घ्यावेत. मग धावत्या प्रोग्रामला उतरंड उघडावी लागत नाही आणि नंतर नावे कितीही आखूड केली तरी मूळ पत्ता शाबूत राहतो. उतरंड उघडणे हे फुकटचे काम नव्हे. सेकंदाला हजारो साध्या नोंदी करणाऱ्या प्रोग्रामने प्रत्येक वेळी ते केले तर नोंदवहीच मुख्य काम होऊन बसेल. म्हणून बांधणीत हात घालता येत नसेल तेथे साध्या माहितीपर नोंदी पत्त्याविना जाऊ द्याव्यात आणि इशारा व त्रुटी यांच्यापुरतीच उतरंड उघडावी. हा हिशेब प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर मोजून करावा. मोजल्याशिवाय ‘महाग आहे’ म्हणून सोडून देणारे आणि मोजल्याशिवाय सर्वत्र लावणारे, दोघांचीही सवय सारखीच.

एसकेएच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील भागाने मार्च २०२५ मध्ये आपले पहिले चित्र प्रसिद्ध केले. त्या वेळी १,०२४ अँटेना कामात होत्या. पूर्ण उभारणीनंतर त्या १,३१,०७२ होतील. दक्षिण आफ्रिकेतील भागात १९७ तबकड्या असतील. चित्रात आकाशगंगा दिसल्या; ते चित्र निघत असताना पडद्यामागे सरकत गेलेल्या नोंदी त्यात दिसत नाहीत. त्या कोठे तरी साठविलेल्या असतील, प्रत्येकीच्या सहाव्या रकान्यात फाइलीचे नाव आणि ओळीचा क्रमांक.